गरी टाकायला चला, पण धीवराचं बोट धरून

सुट्ट्या जवळ आल्या की पत्रांच्या गठ्ठ्यात एक प्रश्न हमखास निघतो. "एका दिवसात जाऊन येता येईल, फार खर्च होणार नाही, मुलं मोबाईल विसरतील आणि आम्हालाही स्वयंपाकघरातून सुटका मिळेल, असं एखादं ठिकाण सुचवा ना!" शेवटची अट सगळ्यात अवघड. कारण आपल्या सहली म्हणजे पहाटे चारला उठून केलेल्या पुऱ्या आणि परत आल्यावर घासायचे डबे.

आज एक ठिकाण सुचवते. त्यासाठी ना महाबळेश्वर गाठायला नको ना पचमढी. भंडारा, साकोली, तुमसर, लाखनी, पवनी, कुठेही राहत असा, तासाभराच्या आत एखादं तळं असतंच. तिथं जायचं आणि मासे धरायचे. हसू नका! जाळं नव्हे, साधी गरी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींच्या भाषेत गळ.

ही कल्पना माझ्या डोक्यात घातली ती अमेरिकेतल्या मावसबहिणीनं. ती मिनेसोटात असते. त्या राज्याला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात. तिथं 'वॉलआय' नावाचा मोठ्या, चकाकत्या डोळ्यांचा मासा मिळतो. त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, म्हणून लोक तो पहाटे नाहीतर सांजवेळी धरायला जातात. १९६५ पासून तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. आणि तव्यात अख्खे मावतात अशा लहानसहान माशांना तिथं 'पॅनफिश' म्हणजे तव्याचे मासे म्हणतात! बहिणीनं फोटो पाठवला. डोक्यावर टोपी, हातात मासा, शेजारी एक गृहस्थ. "हे कोण गं?" म्हटलं, तर म्हणाली, "आमचे गाईड. नाव त्यांची, गळ त्यांचा. मासा कुठं असतो, कोणता ठेवायचा नि कोणता सोडायचा, हे तेच सांगतात. सरकारी परवाना मात्र ज्यानं त्यानं काढायचा. वसंतात अंडी घालायच्या दिवसांत वॉलआय धरायला बंदी असते." गाईडची फी ऐकून मी फोनवरच कपाळाला हात लावला.

फोन ठेवला आणि मनात आलं, असा गाईड तर आपल्याकडे गावोगाव आहे. तळ्याच्या पाळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला धीवरमामा! पिढ्यान्‌पिढ्या तो हेच जाणतो. फक्त त्याला कुणी गाईड म्हटलं नाही आणि त्याच्या माहितीला पैसे पडतात हे आपल्या ध्यानात आलं नाही.

भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात हे मुलं शाळेत घोकतात. पण ही तळी देवानं दिलेली नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे. त्या आमिषानं आणि अंगच्या कसबानं कोहळी समाजानं या मुलखात उतार हेरून पाळी घातल्या आणि धानाच्या बांध्यांना पाणी दिलं. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला. १९९९ साली जिल्ह्याची वाटणी झाली आणि तो गोंदियाकडे गेला, तरी मनानं आम्ही तो अजून आमचाच धरतो. पुढं तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी', आणि लोकांच्या तोंडी थोडक्यात 'मामा तलाव'! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. आता तळ्याचा मामा आणि काठावरचा धीवरमामा यांची मुलांनी गल्लत केली तर हरकत नाही, दोघांचंही नातं जवळचंच आहे.

आम्ही गेलो ते पोळ्यानंतरच्या रविवारी. श्रावण सुटला होता, गणपती यायचे होते. मधली ही चार दिवसांची फट आमच्या घरातल्या मासेखाऊंना बरोबर माहीत असते. ह्यांच्या कार्यालयातल्या शिपाईभाऊंच्या ओळखीनं साकोलीकडच्या एका लहान तळ्यावरच्या मामांशी आधी बोलणं केलं होतं. मामांनी बांबूच्या चार काड्या तासून ठेवल्या होत्या. त्यांना तंगूस बांधलेला, गरी लहान, आणि पाण्यावर तरंगायला धांड्याचा बोटभर तुकडा. पाचशे रुपये द्यायचे आधीच ठरलं होतं. ते द्यायला गेले तर मामा संकोचले, म्हणाले, "मासे तर भेटू द्या जी आधी." मी म्हटलं, "मामा, शाळेत मुलं पास झाली तरच पगार घ्यायचा असता, तर आम्ही मास्तरणी उपाशी मेलो असतो!"

त्या सकाळी मामांनी काय काय दाखवलं ते सांगते. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग दिसली की खाली चिखलात कुणीतरी चरतंय. कमळाच्या पानाचं देठ वारा नसताना हललं की कुणीतरी त्याला अंग घासून गेलं. मध्येच 'पचक्' असा आवाज करून कुणी वर येऊन तोंड उघडून गेलं, तर ती मरळ. ती पाण्यात राहते, पण श्वासासाठी तिला घडीघडी वर यावं लागतं. म्हणून तर बाजारात ओल्या गोणपाटाखालीही ती बराच वेळ जिवंत राहते. माझा धाकटा एरवी एका जागी दोन मिनिटं बसत नाही. तो त्या धांड्याच्या तुकड्याकडे पाऊण तास टक लावून बसला. वर्गात मला हे कधी साधलेलं नाही.

मग मुख्य गोष्ट घडली. पाणवनस्पतींच्या कडेला, हातभर पाण्यात, लालसर-नारिंगी रंगाचा एक गोळा दिसला. परातीएवढा असेल. नीट पाहिलं तर तो हलत होता. शेकडो इवली पिल्लं एकमेकांना धरून पोहत होती, वर येत होती, खाली जात होती. थोरल्यानं आनंदानं ओरडून आपली काडी तिकडं फिरवली, तोच मामांनी ती हवेतच धरली. "तिकडं गरी नोका टाकू, बाबू. लेकुरवारी आहे थे."

आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. लेकुरवाळी आहे ती! पिल्लांच्या त्या लाल चेंडूखाली मरळ उभी असते. पानवेली बाजूला सारून ती घरटं करते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की नर-मादी पुढचे काही आठवडे त्यांची राखण करतात. बेडूक येवो, दुसरा मासा येवो, ती धावून जाते. आणि हेच तिचं मरण. एरवी हुशार असलेली, आमिषाला सहज न भुलणारी मरळ अशा वेळी पिल्लांजवळ जे पडेल त्यावर झडप घालते. भूक नसते, राग असतो. शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींना हे कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते नेमके त्या लाल गोळ्यातच गळ टाकतात. दोन मिनिटांत किलोभराची मरळ हाती लागते, फोटो निघतो. मामा म्हणाले, "थे नेली का मंग संध्याकारपर्यंत पोरं राहत नाहीत. सारे खातेत त्याहिले."

थोरल्यानं विचारलं, "मग तिच्या बाबांना धरलं तर?" मामा हसले, पण मला हसू आलं नाही. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. काठावर माझी दोन्ही लेकरं उभी होती.

आता तुम्ही म्हणाल, एक मरळ गेली तर तळं काय ओस पडतं? पडतं, हळूहळू. तळ्यातले मासे दोन तऱ्हेचे असतात हे आपल्याला बाजारात कुणी सांगत नाही. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्याचे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण पिल्लं देत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतून धरून आणावं लागे. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावलं, आणि तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. (तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.) आज गावची मच्छीमार सहकारी संस्था तळं ठेक्यानं घेते, बीज नाहीतर बोटुकली विकत आणून सोडते, राखण करते आणि मग जाळं टाकते. म्हणजे तुमच्या गरीला लागलेला रोहू हा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला रोहू आहे. 'तळं काय कुणाच्या बापाचं आहे का?' असं म्हणून काठावर बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दुसऱ्याच्या वावरातली वांगी आपण विचारल्याशिवाय तोडतो का?

मरळ, शिंगी, मांगूर, झिंगे आणि बारीक चिल्लर मासळी यांचं मात्र तसं नाही. ही तळ्याचीच लेकरं, इथंच जन्मतात. यांना विकत बीज लागत नाही, लागते ती पाणवनस्पतींची सावली आणि पावसाळ्यात थोडी उसंत. तळ्यांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली, शेतातली औषधं पावसाबरोबर उतरली, आणि ही मासळी कमी होत गेली. आमच्या सासूबाई बाजारातून आल्या की म्हणतात, "आमच्या वेळची चव नाही." सासवांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या नसतात, बरं का.

पण एक चांगली बातमीही आहे. अर्जुनी मोरगाव भागात धीवर समाजातल्या जाणत्यांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं मिळून काही तळी पुन्हा नीट केली. बेशरम मुळासकट उपटली, तळाशी नांगरट करून देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे पुन्हा सोडले. या कामात तिथल्या धीवर बायका चिखलात उतरल्या. एरवी त्या समाजात जाळं पुरुषांचं आणि विक्रीची टोपली बायकांची, अशी वाटणी. तळ्यावर निर्णय घ्यायला बाई कुठेच नव्हती. त्या बायकांनी गट केले आणि तळ्याच्या कारभारात बोलू लागल्या. आपण पदर खोचून फरशी पुसतो तेव्हा त्या पदर खोचून तळं पुसत होत्या! मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' ज्यांनी वाचलंय त्यांना या तळ्यांची ओढ निराळी सांगायला नको. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले. पण माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या खेड्यातल्या जाणत्याकडून शिकण्यात वनाधिकाऱ्याला कमीपणा वाटला नाही, हे त्यांचं मला फार आवडतं.

बरं, आता तुम्ही जाणार असाल तर कामाचं.

आधी विचारा, मग जा. लहान तलाव जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीकडे असतात, मोठे पाटबंधारे खात्याकडे, पण माशांचा ठेका बहुधा संस्थेकडे असतो. गावात उतरल्यावर 'मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष कोण?' एवढं विचारलं की घर सापडतं. अभयारण्याच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्यात गरी टाकायचा विचारही नको. तिथं नुसते पक्षी पाहावेत. गोसीखुर्दचं पाणी अफाट, बघायला सुंदर. पण नागपूरची नाग नदी सगळी घाण घेऊन कन्हानमार्गे वैनगंगेतच येते. मला विचाराल तर खायच्या माशासाठी मी लहान मामा तलावच पसंत करीन.

पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. मासा लागो न लागो, मामांची सकाळ आपण घेतलेली असते. धरलेला रोहू न्यायचा असेल तर वजन करून संस्थेला वेगळे पैसे द्या. "एक तर आहे, असाच द्या ना" हे वाक्य घरी ठेवून जा.

वेळ पहाटेची. मामांच्या मते गरीला चांगले दिवस म्हणजे पाऊस ओसरल्यानंतर दिवाळीच्या आगेमागे, आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी. पावसाळ्यात आलातच तर चिल्लर धरा, मरळीच्या वाटेला जाऊ नका. पोट फुगलेला, अंडी भरलेला मासा लागला तर हात ओला करून धरा आणि सोडून द्या. समुद्रावर आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती याचसाठी.

आमिषाला रोहूसाठी कणकेचा गोळा, त्यात थोडी शेंगदाण्याची ढेप कुस्करून. चिल्लरीला गांडुळाचा तुकडा. गांडूळ लावायला माझा हात धजेना, ते काम धाकट्यानं आनंदानं केलं. घरी अळी दिसली तरी किंचाळणाऱ्या मैत्रिणींनी कणकेवर भागवावं.

मुलांवर डोळा ठेवा. तळ्याच्या पाळीचे दगड शेवाळलेले असतात, आणि कमळाच्या, शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकला तर पोहणारासुद्धा गोता खातो. मामा कितीही प्रेमानं म्हणाले तरी मुलांना डोंग्यात बसवू नका. जायचंच तर प्रत्येकाच्या अंगावर लाईफ जॅकेट हवं, आणि तसं जॅकेट खेड्यात मिळणार नाही. ढग गडगडले की काड्या खाली टाकून पाळीवरून उतरा, झाडाखाली उभे राहू नका. गरी बोटात रुतली तर ओढून काढू नका, तिला उलटा काटा असतो. दोरा कापून सरळ दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तंगूसाचे तुकडे, प्लास्टिक, डबे परत आणा. त्या तंगूसात बदकांचे पाय अडकतात. आमच्या शेजारीच एक मोठी मंडळी भोंगा लावून बसली होती. त्यांना मासा एकही लागला नाही, आणि जाताना त्यांच्या बाटल्या मामांनी गोळा केल्या.

ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनी गरी टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत म्हणून तोंड फाडायचं आणि सोडायचं, हे मला पटत नाही. पण त्यांनी यावं जरूर. पाळीवर बसावं, कमळं बघावीत, भाजलेल्या शेंगा खाव्यात.

आम्हाला काय मिळालं? बोटभर लांबीची अठरा चिल्लर आणि ह्यांच्या गरीला पावणेदोन किलोचा एक रोहू, ज्याचे पैसे संस्थेला मोजले. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. काडी मामांनीच सावरली होती हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितेय तेवढंच.

मामांच्या घरच्या काकूंनी चिल्लर साफ करायची रीत दाखवली, ती देते. मासे टोपलीत घेऊन जाडं मीठ टाकायचं आणि खरबरीत टोपलीवरच घोळायचे. खवलं आपोआप सुटतात, एकेक मासा घेऊन बसावं लागत नाही. मग पोटाशी दाबून आतलं काढायचं आणि तीन पाण्यांनी धुवायचं. मरळ विकत आणलीत तर तिच्या बुळबुळीत अंगाला आधी राख चोळा, नाहीतर हातातून सटकते. मलेशियात या जातीचा मासा बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्याला मुद्दाम देतात, जखम लवकर भरते अशी तिथं समजूत आहे.

रश्शासाठी सुकं खोबरं, खसखस, धने आणि दोन चमचे जवस वेगवेगळे भाजून घ्या. कांदा निखाऱ्यावर भाजलात तर उत्तम, गॅसच्या जाळीवरही चालतो. लसूण-आल्याबरोबर सगळं बारीक वाटा. जवसाच्या तेलात नाहीतर साध्या तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, तिखट, हळद, मीठ घाला, गरम पाणी ओता. रस्सा खळखळ उकळल्यावर चिंचेचा कोळ घाला आणि मगच मासे सोडा. चिल्लर असेल तर आठ मिनिटं पुरेत, त्यावर पळी फिरवू नका, पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवा. वरून सांभार. सोबत चिन्नोरचा भात असेल तर पोळ्या लाटायची गरजच नाही, आणि त्या दिवशी मी लाटल्या नाहीत.

भांडी ह्यांनी आणि मुलांनी घासली. वास जाण्यासाठी आधी बेसन लावून, मग चिंचेच्या चोथ्यानं.